रांजणातले आवाज

विमलअक्कांची वही साहेबांच्या शिपायानं नेली नव्हती. ती मी मेहरूणच्या तलावात टाकली होती. एवढं आधी लिहून टाकतो. नाहीतर अक्कांच्या गमती सांगता सांगता मी ते पुन्हा पुढे ढकलीन. नऊ वर्षं मी तेच केलं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर म्हणून नुकताच लागलो होतो, अजून कायम झालो नव्हतो. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल आमच्याकडे नोंदवावा लागे. आम्ही त्याचं तिकीट लिहायचो आणि लाइन मोकळी झाली की बोर्डात कॉर्ड खुपसून दोन गावं जोडून द्यायचो. सकाळ-संध्याकाळ केळीच्या व्यापाऱ्यांचे दिल्लीचे कॉल सुरू झाले की मान वर करायला सवड नसे. विमल चौधरी आमच्या सुपरवायझर. सगळे त्यांना अक्का म्हणत. ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं ते बाहेरगावचे ऑपरेटरसुद्धा.

ठेंगणी, गव्हाळ बाई. वर्षानुवर्षं हेडसेट लावून केसांत आडवी घडी पडलेली, ती तेल लावूनही बसत नसे. डब्यात बारा महिने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्या मूळच्या रावेरच्या, आणि रावेरच्या माणसानं केळं विकत घेऊन खायचं नाही असा त्यांचा नियम होता. कोणी डझनभर आणून वाटली तर त्या हात लावत नसत. घरून भाऊ घड पाठवायचा तेव्हा मात्र प्रत्येकाला चार खावी लागत. तिसऱ्याला कोणी नको म्हटलं की म्हणायच्या, "पोटात जागा नसेल तर खिशात घाल. परत पाठवलं तर माझा भाऊ रुसतो."

त्यांच्या कानाची एक्स्चेंजभर ख्याती होती. एकदा दुपारी एका माणसानं चाळीसगावचा कॉल नोंदवला. नाव सांगितलं, नंबर सांगितला. अक्का त्याला म्हणाल्या, "भाऊ, आधी पाणी प्या. मग लाइन देते." पलीकडून तांब्या ठेवल्याचा आवाज आला. कॉल जोडून दिल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं तो तहानलेला होता ते?"

"तहानलेला नव्हता रे. वाईट बातमी कळवायची होती त्याला. कोरड्या घशानं सांगितली असती तर ऐकणाऱ्याला दोनदा विचारावं लागलं असतं."

जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार बाजार बंद असे. बोर्डावरचे दिवे विझलेले, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. अशा एका दुपारी अक्कांनी मला शंभर पानी वही आणायला सांगितली. "तुझं अक्षर चांगलं आहे, भास्कर. मी सांगते, तू लिही."

त्यांच्या डोक्यात एक संगीतिका होती. अख्खी गायची, मध्ये बोलणं नाही. "नाटकात माणूस चांगला बोलत असतो आणि एकदम गायला लागतो," त्या म्हणाल्या. "मला दचकायला होतं. गायचं तर सगळंच गावं. भाकर वाढ म्हणायचं, तर तेही गाऊन."

गोष्ट त्यांनीच रचलेली. सातपुड्यात एक राक्षसीण राहते. तिला झोप येत नाही. पायथ्याच्या गावातली जात्यांची घरघर, भांडणं, पोरांचं रडणं, सगळं तिच्या कानात शिरतं. एके दिवशी ती खाली येते, गावातले सगळे आवाज उचलते आणि गुहेतल्या रांजणांत भरून वर झाकण ठेवते. गाव मुकं होतं. शेळ्या घेऊन डोंगरात गेलेली एक मुलगी तेवढी सुटते. ती एका म्हाताऱ्या कावळ्याला घेऊन गुहेत पोहोचते. बघते तर राक्षसीण अजून जागीच. आता तिला शांतता टोचते आहे. मग मुलगी एकेक रांजण उघडते आणि सुटलेले आवाज घरी पळण्याआधी राक्षसिणीसाठी अंगाई गातात.

"म्हणजे तिला मारत नाहीत?" मी लिहिता लिहिता विचारलं.

"रात्रपाळी करून आलेल्या बाईला कोणी मारतं का?" अक्का म्हणाल्या. "लिही पुढं."

गाणारे त्यांनी कानानंच निवडले होते. मुलगी म्हणजे रावेर एक्स्चेंजची सिंधू. कावळा म्हणजे पारोळ्याचे नाना, निवृत्तीला आलेले, आवाज फाटलेला. रांजणातले सगळे आवाज धुळ्याची निर्मला एकटी काढायची. बाई, पोरगं, म्हातारा, सगळं. राक्षसीण स्वतः अक्का. या चौघांनी एकमेकांना कधीच पाहिलेलं नव्हतं. तालीम लाइनवर व्हायची. दुपारी तिन्ही गावांच्या लाइन अक्का आपल्या बोर्डावर एकत्र करत, आणि चार गावांत चार माणसं हेडसेट लावून गात. इतक्या लाइन जोडल्या की आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. अक्कांना ते आवडायचं. "रांजणातूनच यायला पाहिजे ना," म्हणायच्या.

चाल कशी लिहायची हा प्रश्न होता. चौघांपैकी कोणालाच स्वरलिपी येत नव्हती. अक्का वडिलांच्या भजनात पेटी वाजवायला शिकल्या होत्या तेवढंच. त्यांनी स्टेशनं वापरली. जळगाव म्हणजे सा. मग भादली, भुसावळ, दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर, आणि वाघोड्याला वरचा सा. कोमल स्वर असला की "गाडी स्टेशनाच्या अलीकडे सिग्नलला उभी." वहीत गाण्याच्या प्रत्येक ओळीवर मी बारीक अक्षरात स्टेशनं लिहायचो. लाइनवर अक्का ओरडत, "सिंधू, सावद्याला थांबायचं होतं, तू थेट रावेर गाठलं. घराची ओढ नंतर."

निर्मला पक्की अहिराणी; तिचं 'बठ्ठं' म्हणजे सगळं. "अक्का, माले बठ्ठं पाठ शे," ती म्हणायची, "पन तुम्ही आवाज चढावतस तवय मना सूर सुटी जास."

"मग मी काय हळू रडू? राक्षसीण आहे मी."

मध्येच नाना घसा खाकरत विचारत, "अक्का, कावळाले कोनता राग ऱ्हास?"

"कावळ्याला राग नसतो, नाना. त्याला फक्त वेळेवर यायचं असतं. तेवढं जमवा."

पूर्ण वही एकच होती, माझ्या हातची. बाकीच्यांना अक्कांनी लाइनवरूनच नकला सांगितल्या. नक्कल ही नाटकवाल्यांची जुनी पद्धत: ज्याचं त्याचं बोलणं तेवढंच लिहून द्यायचं, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपण कधी सुरू करायचं ते कळतं. तिघांनी आपापल्या नकला खराब झालेल्या तिकिटांच्या पाठीवर उतरवून घेतल्या. अक्कांना नक्कल लागत नव्हती. त्या वही समोर ठेवून गायच्या.

गणपतीत एक्स्चेंजच्या लोकांचा कार्यक्रम असे. तिथे चौघांनी पहिल्यांदा भेटून हे गायचं ठरलं होतं. अक्कांनी त्यासाठी काळं लुगडं घेऊन ठेवलं होतं. मला आवाज नव्हता, पण पडदा मीच ओढणार होतो.

आता चूक. ती साधी होती. जून लागला होता. तालीम चालू असताना पारोळ्याच्या एका अडत्याचा धुळ्याचा कॉल माझ्याकडे आला. मी तो जोडला आणि बोर्डावरची एक चावी, म्हणजे लाइनचा खटका, उघडी ठेवली. त्यामुळे तालमीची लाइन त्याच्या कॉलमध्ये मिसळली. अडत्या कापसाचा भाव विचारायला "हॅलो" म्हणाला आणि त्याच्या कानात राक्षसीण गायला लागली, मले झोप नाही येत, माय, मले झोप नाही येत. तो घाबरून म्हणाला, "मग मी काय करू, बाई?" अक्कांनी ताल न सोडता त्यालाही दोन ओळी ऐकवल्या, त्यांना वाटलं, नाना मध्ये बोलले.

आम्ही पोट धरून हसलो. तीन दिवसांनी नाशिकहून चौकशीला साहेब येणार असल्याचं पत्र आलं. अडत्यानं लेखी तक्रार केली होती.

अक्का डगमगल्या नाहीत. "गात होतो, असं सांगायचं. मोकळ्या लाइनवर गात होतो. चुकलं असेल तर चुकलं." फक्त वही कागदपत्रांत जायला नको म्हणून आदल्या दिवशी त्यांनी ती मला दिली. "आज घरी ने. साहेब गेले की आण."

मी सायकलनं निघालो. वही कॅरिअरला लावलेली. वाटेत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरू लागली: वहीच्या प्रत्येक पानावर अक्षर माझं आहे. अक्का जुन्या, त्यांना फार तर ताकीद मिळेल. मी कायम नाही. ही वही कोणाच्या हाती पडली तर चावी कोणी उघडी ठेवली हेही विचारतील. घरी लपवता आली असती. आईच्या ट्रंकेत ठेवली असती तर ब्रह्मदेवालाही सापडली नसती. पण भीतीला लपवणं पुरत नाही. मी घराचा रस्ता सोडून मेहरूणला गेलो. वहीत दगड घालून सुतळीनं बांधली. सुतळी मी कुठून मिळवली ते अजून आठवतं, एका पेरूवाल्याकडून मागून घेतली. तलावाकाठी बायका धुणं धुवत होत्या. एकीनं विचारलंसुद्धा, "काय बुडवता भाऊ, जुनी पोथी आहे का?" मी हो म्हटलं. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

साहेबांपुढे मी जबाब दिला की तालमींविषयी मला काही माहिती नाही. अक्कांनी सगळं कबूल केलं आणि माझं नाव घेतलं नाही. टेबलावर एक चिठ्ठी राहून गेली होती, तिच्यावर स्टेशनं. साहेब ती उलटसुलट करत म्हणाले, "ही कोणती गाडी, बाई? दुसखेड्याला एवढ्या वेळा कोणती गाडी थांबते?"

"माझी थांबते, साहेब," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली. मी सांगितलं, साहेबांचा शिपाई घरी आला आणि घेऊन गेला. एवढ्या कानाच्या बाईला माझं खोटं ऐकू आलं नाही. पुढे कधीतरी त्यांनीच सहज सांगितलं, "आपल्या माणसाचा आवाज मी तपासत बसत नाही." त्या वेळी मात्र त्यांचा चेहरा उलट खुलला. "म्हणजे सुरक्षित आहे. सरकारी कपाटातून काही हरवत नाही रे, फक्त मागे सरकतं."

अक्कांची बदली धुळ्याला झाली. गणपतीचा कार्यक्रम राहिला. मी त्याच वर्षी कायम झालो.

मग अर्ज सुरू झाले. दर दिवाळीला अक्का धुळ्याहून रावेरला जाताना जळगावला उतरत, एक्स्चेंजमध्ये येत, माझ्याकडून चहा घेत आणि म्हणत, "काढ कागद." त्या सांगत, मी लिहायचो. "महोदय, माझी निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही चौकशीच्या वेळी आपल्या कार्यालयाने ताब्यात घेतली असून..." मी तेच चांगलं अक्षर काढत असे. लिहून झालं की त्या म्हणत, "वाचून दाखव." मी वाचायचो. त्या सही करायच्या. उत्तर येई की सदर वही अभिलेखात आढळून येत नाही. ते खरंच होतं, पण अक्का हसत. "आढळत नाही म्हणजे शोधली नाही. पुढच्या वर्षी निळ्याच्या जागी आकाशी लिहू. रंगावरून गोंधळले असतील."

एकदा निर्मला माझ्याशी लाइनवर बोलताना म्हणाली, "मी अक्काले सांगं, आठवीसन परत लिखी काढा. तं म्हने, 'वही येणारच आहे. मी आता आठवून लिहिलं आणि उद्या ती आली, तर दोन होतील. मग खरी कोणती?'"

त्या दिवशी मला कळलं की मी वही बुडवली ती एकदा, पण अक्कांच्या डोक्यातली मी दर दिवाळीला बुडवतो आहे. वही गेली असं त्यांना कळलं असतं तर त्यांनी महिन्याभरात दुसरी लिहून काढली असती. मी त्यांना वाट बघायला लावली होती. हे कळूनही मी पुढचे चार अर्ज लिहिले. त्याचं कारण मला देता येत नाही. बायकोपोरं होती, अब्रू होती, असं काहीबाही सांगता येईल. खरं म्हणजे एकदा पहिल्या वर्षी सांगितलं नाही की दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आणि तिसऱ्या वर्षी तीन.

पुढे थेट नंबर फिरवायची सोय आली. चौकाचौकात पिवळे बूथ निघाले, ट्रंक बोर्ड उतरवायचे ठरले. निर्मलाचा फोन आला, आता बूथवरून, मध्ये कोणी ऑपरेटर नाही. "भास्करभाऊ, कपाट रिकामं करी ऱ्हायनू. मनी नक्कल सापडनी. रद्दीमा टाकू का?"

"टाकू नको," मी म्हणालो. "मी येतो."

धुळ्याला तिनं तिकिटांचा गठ्ठा हातात दिला. सुईदोऱ्यानं शिवलेला, हळदीचा डाग पडलेला. तिनं चहा ठेवला आणि स्टोव्हपाशी उभ्याउभ्या रांजणातल्या म्हाताऱ्याचं गाणं म्हणून दाखवलं. "मी त्या गाडीमा कधी बसनू नही," ती म्हणाली, "पन स्टेशनं बठ्ठी सूरमा पाठ शेतस."

पारोळ्याला नाना किल्ल्यापाशी घराच्या ओट्यावर बसलेले भेटले. नाव सांगितलं तरी ओळखेनात. आणखी थोडं बोललो तेव्हा आवाजावरून म्हणाले, "तू तं वहीवाला ना रे? वही सापडनी का?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी नक्कल रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली होती. "कावळा शे, पन संभाळेल शे," म्हणाले. रावेरला सिंधूनं आपली नक्कल दिली आणि बजावलं, झेरॉक्स करून मूळ परत आणून द्यायची.

परतीच्या एसटीत मांडीवर मी तिन्ही गठ्ठे लावून पाहिले. गोष्ट बरीचशी जुळत होती. मुलगी होती, कावळा होता, अंगाई पूर्ण होती. राक्षसीण नव्हती. तिच्या प्रत्येक गाण्याचे फक्त शेवटचे दोन-तीन शब्द इतरांच्या नकलांत शिल्लक होते, म्हणजे कोणी कधी सुरू करायचं ते कळावं म्हणून लिहिलेले. "...नाही येत, माय." पुढे सिंधूचं गाणं. "...झाकण ठेवते." पुढे निर्मला.

अक्का निवृत्त होऊन रावेरला भावाकडे राहत होत्या. मी पुन्हा रावेरला गेलो, पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात केळीच्या घडांचा ट्रॅक्टर उभा, आणि अक्का ओसरीवर मूग निवडत होत्या. केस पांढरे, घडी तशीच. हेडसेटच्या कानानं कमी ऐकू येत होतं, म्हणून त्या दुसरा कान माझ्याकडे करून बसल्या.

"कधी निंघाला? खाल्लं का काही?" आणि आतल्या बाजूला, "वहिनी, याले केळी आण. घरची."

मी गठ्ठे त्यांच्यापुढे ठेवले. आधी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी निर्मलाचं अक्षर ओळखलं नाही, पण स्टेशनं ओळखली. मुगाचं सूप बाजूला सरलं. एकेक तिकीट उलटत त्या पुटपुटत गेल्या, भुसावळ, भुसावळ, सावदा, आणि पुटपुटणं हळूहळू गाणं झालं. मुलीचं म्हटलं, कावळ्याचं म्हटलं. मग राक्षसिणीची जागा आली. पहिली दोन कडवी त्यांनी मोकळ्या आवाजात म्हटली. भावजय पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्याला अडखळल्या. डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच आल्या. बोटानं मांडीवर ताल धरून तिसऱ्यांदा पाहिलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "उगाच चुकीचं बसवायला नको. वहीत आहे ते." आणि त्यांचा चेहरा एकदम उत्साही झाला. "आता हे तिन्ही जोडून अर्ज करू. एवढा पुरावा पाहिल्यावर कोण नाही म्हणेल? काढ कागद."

मी कागद काढला. त्या सांगू लागल्या. "महोदय, सोबत जोडलेल्या तीन नकलांवरून आपल्या लक्षात येईल की..." मी लिहीत होतो. त्या थांबत, मी लिहायचो, त्या पुढे जात. पाचेक ओळींचा अर्ज झाला.

"वाचून दाखव."

मी वाचायला लागलो. "महोदय," मी म्हणालो आणि पुढचं त्यांनी सांगितलेलं वाचलं नाही, कारण ते मी लिहिलंच नव्हतं. "वही आपल्या कार्यालयात कधीच आली नव्हती. ती भास्करने चौकशीच्या आदल्या दिवशी मेहरूणच्या तलावात टाकली, कारण तिच्यात त्याचं अक्षर होतं. शिपायाची गोष्ट खोटी आहे. तरी या विषयातले आजवरचे सर्व अर्ज रद्द समजावेत."

ट्रॅक्टर सुरू झाला आणि फाटकाबाहेर गेला. भावजयीनं केळी आणून ठेवली आणि आमच्याकडे बघून आत गेली. अक्कांनी सही करायला पेन घेतलं होतं, ते त्यांच्या हातात तसंच होतं.

ते बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "या कानानं नीट नाही आलं. परत सांग. कागद ठेव खाली."

मी कागद खाली ठेवला.

"अक्का, वही मी बुडवली," मी म्हणालो. "आणि नऊ वर्षं ती येईल असं तुम्हाला वाटू दिलं, त्यात तुमचं गाणं गेलं. मी तुमचा गुन्हेगार आहे. माझी माफी मागायची लायकी नाही, पण मागतो."